शाकाहारी मांजरघर

उदगीरला देगलूर रस्त्याच्या कडेला, नीलम्मांच्या घरामागे, आम्ही जे मांजरघर चालवीत होतो ते कसे बंद पडले याविषयी गावात दोन गोष्टी सांगितल्या जातात. कोणी म्हणतो, दुष्काळात पाणी आटले. कोणी म्हणतो, संगप्पांनी पाणी तोडले. दोन्ही खरे नाही. पाणी चालू होते. वॉल्व्ह मी माझ्या हाताने बंद केला. तो का बंद केला हे नीट क्रमाने सांगितले पाहिजे, कारण संगप्पांचा दोष सांगितला जातो तेवढा नाही, आणि माझा सांगितलाच जात नाही.

नीलम्मा सरकारी दवाखान्यात आया होत्या. दवाखान्याच्या आवारात टाकलेली पिले त्या पदराखाली घालून घरी आणीत. निवृत्त झाल्यावर हा उद्योग वाढला, आणि २०१४ चा पाऊस गेल्यावर तो आवरेनासा झाला. लोक हैदराबादला, पुण्याला कामाला जाऊ लागले. घराला कुलूप लावण्यापूर्वी म्हैस विकता येते, शेळी विकता येते. मांजर कोणी विकत घेत नाही. ते ओट्यावर बसून राहते. नीलम्मा कापडी पिशवी घेऊन त्या बंद गल्ल्यांतून फिरत आणि अशी मांजरे गोळा करीत.

मी तंत्रनिकेतनात कार्यशाळेचा निदेशक होतो. माझा डिप्लोमा नांदेडचा, यंत्र शाखेचा. एकदा त्यांच्या पिंजऱ्याचे दार वेल्डिंग करून द्यायला गेलो आणि मग रोजच जाऊ लागलो. पत्र्याची शेड घातली, चारी बाजूंनी अर्ध्या इंचाची जाळी ताणली, जाळीखाली सिमेंटचा पट्टा दिला. आत उंदीर, पाल, चिमणी, काहीही येऊ शकणार नाही असे ते काम होते. रोगराई बाहेरून येते, असे माझे म्हणणे. जेवणाच्या ताटल्या स्क्रूने फळीला बसवल्या, म्हणजे उलटणार नाहीत आणि पाणी सांडणार नाही. सर्व वस्तूंच्या जागा ठरलेल्या होत्या आणि त्या बदलत नसत.

अडचण पाण्याची होती. चौतीस मांजरांचे पिणे, ताटल्या, त्यांच्या घाणीसाठीची राख-मातीची तबके, फरशी, सगळे धरून दिवसाला दीडशे लिटर लागे. नगरपालिकेचा नळ बारा दिवसांनी येई. मे महिन्यात नीलम्मा स्वतःच्या अंघोळीचे पाणी वापरू लागल्या. तेव्हा एके दिवशी सकाळी संगप्पा आले.

संगप्पांची डाळमिल आहे. उदगीर जिल्हा व्हावा म्हणून जी कृती समिती होती तिचे ते एक पुढारी. मिलपेक्षा त्यांचे मन रस्त्यापलीकडच्या शेतात अधिक असे. दोन वर्षांपूर्वी त्यांनी पत्नीला, रत्नम्मांना, आम्हा लिंगायतांच्या रिवाजाप्रमाणे त्या शेतात माती दिली होती. कोपऱ्यात दगडी चौथरा बांधला होता, आणि चौथऱ्यापासून तीस पावलांवर बोअर होता. सगळ्या शिवारात तेवढाच चालत होता.

"शरणार्थ, सर," ते म्हणाले. "मांजरांना पाणी न्हाई म्हणं."

"नाही."

"मग न्या माझ्या बोअरचं. अर्ध गाव न्हेऊन राहिलंय. मांजरांनीच काय घोडं मारलं?"

नीलम्मांनी हात जोडले. संगप्पा शेडमध्ये फिरले, एका पिलाच्या डोक्यावर बोट फिरवले, आणि मागच्या कोपऱ्यात थबकले. तिथे झाकणाचा डबा होता.

"वास कशाचा यून राहिला, अक्का? वशाट हाय का काय?"

"सुकट हाय, आप्पा," नीलम्मा म्हणाल्या. "कधी कोंबडीची मुंडकी आणते. मी खात न्हाई, मांजरं खातेत." नीलम्माही आमच्यातल्याच. पण दवाखान्यात तीस वर्षे काढलेल्या बाईचे सोवळे-ओवळे कधीच गळून गेले होते.

संगप्पा डब्यापासून दोन पावले मागे सरले. मग हळू आवाजात म्हणाले, "ते पाणी रत्नम्माच्या उशाचं हाय. ती उभ्या जन्मात वशाटाच्या वासानं जेवण टाकून उठायची. त्या पाण्यानं ही भांडी धुतली जाऊ न्हाई. माझं येवढंच म्हणणं हाय."

"मांजर हाय ते, आप्पा. मठातला स्वामी न्हाई."

संगप्पा हसले. "माझ्या आज्जीच्या घरची मांजरं दूध-भाकरीवर म्हातारी झाली, अक्का. सर, तुमी शिकलेले. तुमी सांगा. जमतंय का न्हाई?"

दोघेही माझ्याकडे पाहू लागले. मी जन्मात मांस शिवलेले नाही. तो डबा मलाही नकोसा होताच. मी म्हणालो, "जमवता येईल. हिशेबाने करावे लागेल."

हे एवढे वाक्य मी बोललो.

पुढचे काम मी मन लावून केले. आहारशास्त्राचे तक्ते मिळवले. मांजराला प्रथिने किती लागतात ते पाहिले, आणि तुरीची चुरी, सोयाबीनचे पीठ, शेंगदाण्याची पेंड, दुधाची भुकटी यांचे प्रमाण असे बसवले की बत्तीस टक्के भरली. गरजेपेक्षा जास्तच. हे सर्व शिजवून त्याचे मुटके करायचे आणि दोन वेळा द्यायचे. पहिले चार दिवस मांजरांनी तोंड लावले नाही. पाचव्या दिवशी खाल्ले. महिन्याभरात वजने वाढली, अंगावर केस चमकू लागले. बोअरपासून शेडपर्यंत एक इंची काळा पाइप मीच टाकला आणि आमच्या भिंतीपाशी वॉल्व्ह बसवला.

फलक लावायची कल्पना संगप्पांची. "शाकाहारी मांजरघर" अशी अक्षरे रंगवून घेतली, आणि जिथे आधी आम्ही मदतीसाठी दारोदार जात होतो तिथे लोक आपण होऊन येऊ लागले. निलंग्याहून, लातूरहून, बिदरहून सुद्धा. कोणी दुधाच्या भुकटीच्या पिशव्या आणी, कोणी चुरीचे पोते, कोणी जुनी गोधडी. बाजूच्या छापखान्याचे पंचाक्षरी रोज चहाच्या वेळी डोकावत.

"सर, ही मांजरं सोमवार धरतेत का?"

"धरतेत की," नीलम्मा आतून म्हणत. "तुमच्यावानी साबुदाणा हाणून न्हाई."

"मग अक्का, कपाळाला भस्म तेवढं राहिलं बघा."

संगप्पा समितीच्या लोकांना घेऊन येत. "उद्या जिल्हा झाला म्हंजे जिल्ह्याच्या गावाला शोभंल अशी संस्था नको का?" असे सांगत. जिल्हा होणार ही बातमी दर सहा महिन्यांनी येई आणि जाई, पण मांजरघर पाहणारे वाढत गेले.

येणारा प्रत्येक माणूस एक गोष्ट बोलून दाखवी. मांजरांचे डोळे. भर दुपारीसुद्धा त्यांच्या बाहुल्या मोठ्या, काळ्याभोर दिसत, काजळ घातल्यासारख्या. बायका लेकरांना कडेवर घेऊन दाखवीत. हिवाळ्यात पंचाक्षरींनी मदतीचे पत्रक छापले तेव्हा त्यावर एका पांढऱ्या मांजरीचा चेहरा घातला, आणि खाली घालण्यासाठी ओळ मला मागितली. मी लिहून दिले, "या डोळ्यांकडे एकदा पाहा." ते पत्रक फार चालले. त्या महिन्यात अकरा मांजरे लोकांनी घरी नेली. अर्जावर मी अट घातली होती की घर शाकाहारी असावे. संगप्पांना दिलेला शब्द दारापाशी संपू नये असे मला वाटे.

त्याच हिवाळ्यात पिले मरू लागली. एका मांजरीला झालेली चारही मेलेली निघाली. दुसरीची दोन जगली, पण मागचे पाय ओढीत चालायची, आणि आठवड्यात गेली. तिसरी वीणही तशीच गेल्यावर नीलम्मा माझ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या.

"सर, तुमच्या मुटक्यात काय तरी कमी हाय."

मी तक्ता काढून दाखवला. प्रत्येक घटकाचे प्रमाण समजावून सांगितले. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतले.

"हे सगळं बराबर असंल. पण तुमचा कागद मांजरानं वाचला न्हाई." मग आवाज खाली करून म्हणाल्या, "मी असं करते. गाभण मांजरी तेवढ्या माझ्या खोलीत घेते. थोडी सुकट घालते. भांडी माझ्या नळाच्या पाण्यानं धुते. आप्पाच्या पाण्याला लावत न्हाई."

"अक्का, आपण शब्द दिलाय."

"तुमी दिलाय."

"फलकावर आहे ते सगळ्यांच्या वतीने आहे. एका खोलीत वेगळे आणि एका खोलीत वेगळे, असे चालणार नाही."

जनावरांचे कॉलेज आमच्या गावातच आहे, शेडपासून साडेतीन किलोमीटरवर. त्या दिवशी एक मेलेले पिलू घेऊन तिथे गेलो असतो तर पुढचे चार महिने वाचले असते. मी गेलो नाही. तक्त्यात चूक सापडत नव्हती, म्हणून.

एप्रिल उजाडला. लातूरला रेल्वेने पाणी येऊ लागले होते. आमच्या बोअरलाही आता सकाळी तासभरच पाणी येई. ते साठवायला मी दोनशे लिटरचे निळे पिंप आणले. सावली फक्त शेडच्या मधल्या वाटेवर होती, म्हणून ते तिथे ठेवले आणि संध्याकाळच्या जेवणासाठी ताटलीवर पळी वाजवली.

मांजरे नेहमीप्रमाणे पलीकडच्या फळ्यांवरून उतरून धावत आली. पहिली पांढरी, पत्रकावरची. ती सरळ येऊन पिंपावर आदळली. मागे सरली, डोके हलवले, पुन्हा तशीच सरळ गेली आणि पुन्हा आदळली. तिच्यामागून एक बोका आला, तोही आदळला. बाकीची वळसा घालून ताटल्यांपाशी पोचली होती. ही काही मांजरे पिंपासमोर उभी राहून नाक पुढे करून हवा हुंगत होती.

नीलम्मांच्या हातातली परात तशीच राहिली.

मी पिंप हलवले नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी एक स्टूल वेगळ्या वाटेवर ठेवले, दुपारी जाळीजवळ आडवी वीट ठेवली. प्रत्येक मांजर एकेक करून सोडले. अकरा मांजरे आंधळी होती. आणखी सहा स्टुलाजवळ येऊन अडखळत. वस्तूंच्या जागा मी वर्षभर हलू दिल्या नव्हत्या, त्यामुळे त्यांना सगळी शेड पाठ होती. दिसत नाही हे ना त्यांना अडले, ना आम्हाला कळले.

पांढरीला टोपलीत घालून मी कॉलेजात गेलो. तिथली डॉक्टरीण तरुण होती, नांदेडकडची. तिने मांजरीच्या डोळ्यासमोर विजेरी धरली, काढली, पुन्हा धरली. बाहुली होती तेवढीच मोठी राहिली.

"काय खाते ही?"

मी शेडमधली सगळी हकीकत सांगितली आणि तक्ता पुढे केला. तिने तो सबंध वाचला, दोन वेळा.

"सर, हे तुम्ही फार मेहनतीनं केलंय. कोंबड्यांसाठी असतं तर मी कॉलेजात लावलं असतं."

"प्रथिने बत्तीस टक्के आहेत."

"आहेत. पण त्यात टॉरिन नाही. ते फक्त मांसात असतं, माशात असतं. कुत्र्याचं शरीर ते स्वतः तयार करतं, आपलं करतं. मांजराचं करत नाही. ते मिळालं नाही की डोळ्याचा पडदा मरतो. पिलं मरतात. हृदय सैल पडतं."

"आम्ही जी घरोघर दिली ती चांगली आहेत. तीही दूध-भाकरीच खातात. मी चौकशी केली आहे."

"ती उंदीर खातात, सर. पाली खातात. घरच्यांना सांगून खात नाहीत." ती किंचित हसली आणि लगेच गंभीर झाली. "तुमच्याकडे उंदीर येत नाहीत का?"

"नाही," मी म्हणालो. "जाळी आहे."

मी विचारले की याची भुकटी मिळते का. ती म्हणाली, मागवता येईल, येईपर्यंत तीन आठवडे जातील; पण ते एकच भरून चालणार नाही. मांजर गाजरातून 'अ' जीवनसत्त्व घेऊ शकत नाही, आणखीही दोन-तीन गोष्टी आहेत. "एक भोक बुजवाल, दुसरं राहील. तोवर उरलेल्या सहांचे डोळे जातील. त्यांना आजपासून मांस द्या. ज्यांचे गेलेत त्यांचे परत येणार नाहीत."

टोपली घेऊन मी थेट संगप्पांच्या शेतात गेलो. ऊन उतरले होते. चौथऱ्याजवळ त्यांनी बेलाचे रोप लावले होते, त्याला ते तांब्याने पाणी घालीत होते. मी त्यांना सगळे सांगितले. त्यांनी टोपलीतल्या मांजरीच्या तोंडासमोर हात हलवून पाहिला. तिने डोळे मिटले नाहीत.

"म्हंजे माझ्यामुळं झालं."

"अट तुमची होती. जमेल असे मी म्हणालो."

"दूध वाढवतो, सर. तूप घाला."

"त्याने होणार नाही."

ते चौथऱ्याच्या पायरीवर बसले. खांद्यावरच्या उपरण्याने तोंड पुसले. "असं जनावर देवानं कामून केलं असंल, जे भाकरीवर जगत न्हाई," ते म्हणाले, पण मला नव्हे.

"हे बघा, सर. मी पाणी तोडत न्हाई. तहानेनं जीव मारायचं पाप मला नको. वॉल्व्ह तुमच्या भितीला हाय. तुमी काय घालायचं ते घाला. मला इचारू नका अन् सांगू बी नका. पुढच्या आठवड्यात समितीचे लोक येणार, तवर बोर्ड तेवढा राहू द्या."

"आणि तुम्ही इथे रोज बसणार."

"बसंन की. कुठं जाऊ?" त्यांनी चौथऱ्याच्या दगडावर तळहात ठेवला. "ती काय उठून इचारणार हाय?"

त्यांनी मला वाट काढून दिली होती. फक्त कोणी काही बोलायचे नव्हते. मी शेडवर आलो. नीलम्मांना डॉक्टरीण काय म्हणाली ते सांगितले, संगप्पा काय म्हणाले तेही सांगितले. त्यांनी सगळे ऐकून डोक्यावर पदर घेतला आणि चपला घातल्या.

"कुठे निघालात?"

"कोंबडीवाल्याकडं."

"अक्का, त्या पाण्याने ते चालणार नाही."

"आप्पा हाव म्हणाले ना?"

"हाव म्हणाले नाहीत. सांगू नका म्हणाले."

"मग नका सांगू. तुमाला कोण सांगायला लावतंय?"

मी भिंतीपाशी गेलो आणि वॉल्व्ह बंद केला. मग फलकाचे चार बोल्ट काढले. एक गंजला होता, त्याला वेळ लागला. नीलम्मा मागे उभ्या राहून पाहत होत्या.

"सर," त्या म्हणाल्या. त्यांचा आवाज चढला नव्हता. "शब्दापायी डोळे घालवले. आता शब्दापायी जीव घालवा."

त्या चालत्या झाल्या. मी बोल्ट काढत राहिलो. एका माणसाच्या पत्नीच्या समाधीशेजारचे पाणी त्याच्या नकळत अशा कामाला वापरणे मला शक्य नव्हते, आणि त्याने डोळे मिटून घेतले म्हणून ते शक्य होत नव्हते. हे मला त्या वेळी अगदी स्पष्ट दिसत होते. बत्तीस टक्केही मला असेच स्पष्ट दिसले होते, हे मला पुढे सुचले.

त्या दिवशी मी आयुष्यात प्रथम कोंबडीचे मांस हातात घेतले आणि सुरीने बारीक केले. मांजरांनी ते ज्या रीतीने खाल्ले ते पाहवत नव्हते. आंधळी मांजरे ताटल्या चाटून झाल्यावर माझ्या बोटांमागे फिरत राहिली.

पाण्यासाठी टँकरच्या रांगेत मी उभा राहू लागलो. दोन घागरी मिळत. पारा त्रेचाळीसवर होता. तबके धुणे बंद केले, फरशी धुणे बंद केले, प्यायला तेवढे ठेवले. पत्र्याखाली दुपारी मांजरे तोंडे उघडी टाकून पडत. पहिल्या आठवड्यात तीन गेली. बोका बसल्या जागी एका कुशीवर कलंडला. डॉक्टरीण म्हणाली, हृदय असेल. नीलम्मा म्हणाल्या, तहान असेल. मी खड्डे खणले. जमीन इतकी वाळली होती की कुदळ दगडावर बसल्यासारखी वाजे.

संगप्पा एकदा रस्त्यापलीकडून आले. फलकाच्या जागी भिंतीवर चार भोके होती, ती पाहिली. वॉल्व्हकडे पाहिले. "मी तोडलं न्हाई, सर," एवढे बोलून गेले. समितीचे लोक आले नाहीत. गावात मात्र त्यांनीच पाणी तोडल्याचे पसरले, आणि त्यांनी ते कधी खोडले नाही.

मांजरघर चालणार नाही हे उघड होते. दिसणारी मांजरे वाटून टाकायची, ज्या घरात मांस शिजते अशाच घरी, असे ठरले. अर्जावरची अट मी खोडली आणि तिच्या उलट अट लिहिली. नीलम्मा माझ्याशी कामापुरते बोलत. त्यांनी एकच सांगितले की प्रत्येक मांजर मी स्वतः नेऊन द्यावे, आणि अंधुक दिसणाऱ्यांविषयी दारातच खरे काय ते सांगावे. मी ते केले. खाटकांच्या गल्लीत दिली, स्टेशनजवळच्या खानावळीत दिली, ज्या वस्तीत मी पंचवीस वर्षांत पाय ठेवला नव्हता तिथे दिली. कोणी नाव विचारले नाही, गाव विचारले नाही. बसा म्हणाले. एका घरी म्हातारीने अर्धा पेला पाणी दिले आणि ते प्यायला मला लाज वाटली.

आंधळी आठ उरली. ती कोणी घेईना.

बाजाराच्या दिवशी मी दोन टोपल्या घेऊन सुकट विकणाऱ्या बायकांच्या ओळीत गेलो. एका टोपलीत धडधाकट करडे मांजर होते, दुसरीत पांढरी. ताडपत्रीच्या सावलीत सिंधुबाई नावाची भोयाची बाई बसली होती. तळी आटली होती, म्हणून ताजी मासळी नव्हती. परगावाहून आणलेली सुकट पोत्यावर मांडली होती. तिला मांजर हवे असल्याचे डॉक्टरिणीने सांगितले होते.

तिने करडे उचलून पाहिले, दात पाहिले, मांडीवर ठेवले. "हे घेते. पोत्याला उंदीर लई लागलेत. अन् त्या टोपलीत काय हाय, मास्तर?"

"ही पण द्यायची आहे. पण हिला दिसत नाही."

"जन्मापासून?"

"नाही. आमच्याकडे आल्यावर."

"काय लागलं डोळ्याला?"

"काही लागले नाही. खाण्यापायी गेले."

"खायला घालत नव्हता का तुमी?"

"घालत होतो. दोन वेळा."

तिने माझ्याकडे नीट पाहिले. माझ्या गळ्यातल्या लिंगाच्या दोऱ्यावर तिची नजर गेली, आणि तिला काय समजायचे ते समजले असावे. तिने हसणे टाळले, हे मला दिसले.

"ही गुणी आहे," मी म्हणालो. "एक जागा पाठ झाली की कोणाला कळतही नाही हिला दिसत नाही म्हणून. फक्त वस्तू हलवायच्या नाहीत."

"मास्तर, आज मी इथं हाय. उद्या देवणीला. परवा मुखेडला. रोज दुकान मांडायचं, रोज मोडायचं. म्होरं रस्ता, मागं कुत्री." तिने टोपलीत हात घालून पांढरीच्या कानामागे खाजवले. "माझ्याकडं जागाच न्हाई तर पाठ कशाची करंल?"

ते खरे होते. मी टोपली उचलू लागलो.

"थांबा," ती म्हणाली. पोत्यातली मूठभर सुकट तिने माझ्यापुढे धरली. "तेवढं तरी खाऊ द्या तिला. घ्या की हातात. चावत न्हाई ते."

मी ओंजळ पुढे केली. पांढरीने वास घेतला, मान वर केली आणि टोपलीच्या दुसऱ्याच काठाला तोंड लावले. मी एक सुकट चिमटीत धरून तिच्या ओठाला टेकवली. मग तिने खाल्ली. मग दुसरी. शेवटची संपेपर्यंत मी तिथेच उकिडवा बसलो होतो, आणि बाजारातले दोघे-तिघे ओळखीचे लोक न थांबता पुढे गेले.

"हात धुवायला पाणी न्हाई बघा माझ्याकडं," सिंधुबाई म्हणाली.

"असू द्या," मी म्हणालो, आणि टोपली उचलली.